वाळवीची तहान

दाराच्या चौकटीला लागून भिंतीवर मातीची एक वाकडीतिकडी रेघ वर चढलेली कधी पाहिली आहे का? पेन्सिलीएवढी जाड, जरा हात लागला की भुगा होणारी? बहुतेक घरांत अशी रेघ दिसली की कुणीतरी झाडू फिरवतं आणि विसरून जातं. तुम्ही तसं करू नका. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला बोलवा आणि काडीने त्या रेघेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा हळूच काढा. आता आत बघा. ही रेघ नाहीच, नळी आहे! आतून पोकळ. आणि त्या पोकळीत तांदळाच्या दाण्याहून लहान, पांढुरके किडे घाईघाईने पळताहेत.

थोडं थांबलात तर खरी गंमत दिसेल. फुटलेल्या तोंडाशी आधी मोठ्या डोक्याचे, जबडे उघडलेले सैनिक येऊन उभे राहतात. त्यांच्या मागून कामकरी येतात. एकेक मातीचा कण तोंडात धरून आणायचा, लाळेत भिजवायचा आणि कडेला चिकटवायचा, असं त्यांचं काम सुरू होतं. त्यांना डोळे नसतात, तरी चुकत नाहीत! दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. भगदाड बुजलेलं असेल तर नळी वापरात आहे, वाळवी अजून येते-जाते आहे. वाळवीचा बंदोबस्त करणारे जाणकार हीच साधी युक्ती वापरतात.

पण हा नळीचा एवढा खटाटोप कशासाठी? उघड्या भिंतीवरून सरळ चालत का जात नाही वाळवी? मुंगी नाही का जात?

मुंगीच्या अंगावर टणक कवच असतं. कामकरी वाळवीची कातडी मात्र फारच पातळ. कोरड्या हवेत ती थोडा वेळ जरी राहिली तरी तिच्या अंगातलं पाणी उडून जातं आणि ती मरते. म्हणून ती जिथे जाईल तिथे मातीचं छप्पर घेऊन जाते. नळीच्या आतली हवा दमट राहते, अंधार राहतो आणि मुंग्यांसारखे शत्रूही बाहेरच राहतात. खाली जमिनीत खोलवर ओल असते, तिथून वरच्या लाकडापर्यंत हा रस्ता. लाकूड हे वाळवीचं जेवण खरं, पण तिचा जीव अडकलेला असतो तो पाण्यात. एवढं एक गुपित कळलं की तिला घराबाहेर कसं ठेवायचं हेही कळतं.

आता आपण विंचूरला जाऊ. नाशिकहून येवल्याकडे निघालं की निफाडच्या पुढे हे गाव लागतं. नाशिक जिल्ह्याचं मोठं नवल म्हणजे पश्चिमेला इगतपुरीत पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेला विंचूर-येवल्याकडे ढग बरेच रिकामे होऊन पोचतात. उन्हाळ्यात इथली काळी माती वाळते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मग अशा कोरड्या मुलखात वाळवी काय करणार? ती ओल शोधत फिरणार. आणि भर उन्हाळ्यात हमखास ओल कुठे सापडते? आपल्या घरात! मोरीत, गळक्या नळाखाली, कूलरच्या बुडाशी, भिंतीला चिकटून ठेवलेल्या कुंड्यांखाली.

आपल्या जुन्या सुतारांना आणि गवंड्यांना हे पक्कं ठाऊक होतं. विंचूर हे विंचूरकर सरदारांचं गाव. १७६१च्या पानिपतच्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढलेले विठ्ठल शिवदेव हे याच घराण्यातले. त्या काळच्या कुठल्याही मराठी वाड्यात गेलात तर आधी मान वर करून तुळया बघू नका, खाली बघा. लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो एका घडीव दगडावर उभा असतो. या दगडाला तळखडा म्हणतात. सगळा वाडाही जमिनीपासून उंच, दगडी जोत्यावर बांधलेला असतो. मला तळखडा ही फार हुशारीची गोष्ट वाटते, आणि तिचं मोल कळायला एक प्रयोग करून बघाच.

एक कोरडी लाल वीट घ्या. पसरट ताटात बोटभर पाणी ओता आणि त्यात वीट उभी ठेवा. अर्ध्या तासाने बघा, एका तासाने बघा. विटेचा रंग खालून वर गडद होत जाईल. पाणी कुणी वर ओढलं नाही, तरी ते चढलं! विटेत अतिशय बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून पाणी आपोआप वर सरकतं. याला केशाकर्षण म्हणतात. आता विटेच्या जागी पाषाणाचा, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या कातळाचा तुकडा ठेवून बघा. त्यात पाणी फारसं चढत नाही. तळखडा हेच काम करतो. जमिनीतली ओल दगडाशी अडते आणि खांबाचं बूड कोरडं राहतं. शिवाय वाळवीला वर जायचंच असेल तर तिला उघड्या दगडावरून नळी बांधावी लागते, आणि ती घरातल्यांच्या लगेच नजरेस येते.

हीच अक्कल विंचूरच्या शेतात आजही दिसते. इथे लासलगाव बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार आहे, त्यामुळे आसपासच्या मळ्यांत कांदा चाळी ठिकठिकाणी दिसतात. उन्हाळ कांदा त्यांत काही महिने टिकवायचा असतो. चांगल्या चाळीचा तळ जमिनीपासून फूट-दोन फूट उचललेला असतो आणि खालून, बाजूने वारा खेळता असतो. हे केलेलं असतं कांदा सडू नये म्हणून, पण जिथे वारा खेळतो तिथे लाकूड-बांबूही कोरडे राहतात. चाळीचा लाकडी खांब थेट मातीत रोवला, तर पावसाळ्यात तो बुडाशी भिजतो आणि वाळवी तिथूनच सुरुवात करते. म्हणून आता बरेच शेतकरी पाया सिमेंटचा आणि खांब लोखंडी अँगलचे घेतात.

सरकारी नियमांच्या पुस्तकातही हा विचार आहे बरं का. इमारतींचं वाळवीपासून रक्षण कसं करायचं यासाठी भारतीय मानक आहे, क्रमांक ६३१३. त्याचा पहिला भाग बांधकाम कसं करावं याचा आहे. औषधं त्यानंतरच्या भागांत येतात.

तरी वाळवीला नुसती दुष्ट ठरवू नका. ती डायनोसॉरच्या काळातही पृथ्वीवर होती. २००७ साली शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून दाखवलं की ती मुंग्यांची नव्हे, तर झुरळांची नातेवाईक आहे! आपल्याकडची वारुळं बांधणारी वाळवी तर शेतकरीण आहे. चावलेल्या लाकडाचा आणि पालापाचोळ्याचा चोथा करून ती वारुळाच्या आत बुरशीची बाग लावते आणि ती बुरशी खाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी याच बागेतून वर येते. रानात पडलेली लाकडं कुजवून मातीत मिसळायचं मोठं काम वाळवी करते. वाळवीच्या काही जाती बॉलपेनने कागदावर ओढलेल्या रेघेवरून रांगेत चालतात, हे ऐकलंय का? काही शाईंमध्ये असं एक रसायन असतं, ज्याचा वास त्यांच्या स्वतःच्या वाटखुणेसारखा असतो. म्हणजे रानात वाळवी हवीच. फक्त आपल्या चौकटीत, कपाटात आणि पुस्तकांत नको.

एक गोष्ट मात्र सरळ सांगते. वाळवी एकदा घरात पक्की शिरली असेल, चौकटीवर टकटक केल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर नुसती ओल हटवून भागत नाही. जमिनीतलं पाणी ती आपल्यासोबत वर आणते. अशा वेळी जाणकार माणूस बोलवावाच लागतो, आणि औषधाला मुलांनी हात लावायचा नाही. पण ती शिरण्याआधी तुम्ही पुष्कळ करू शकता.

येत्या सुट्टीच्या दिवशी घराभोवती एक चक्कर मारा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी साचतंय का, सरपण किंवा जुनी खोकी भिंतीला टेकून मातीवर पडली आहेत का, मोरीच्या पलीकडच्या भिंतीला पोपडे आलेत का, हे बघा. सरपण विटांवर उचलून ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्यायला बाबांना मदत करा, म्हणजे मागून हवा फिरेल. आणि घरात एखादा नळ टपटपत असेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत आई-बाबांच्या मागे लागा!