शरदातील लागवड आणि वर्षभराचा कांदा

पावसाळा सरताच नाशिक, पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांत कांद्याची दोन पिके पाठोपाठ उभी राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुनर्लागण होते ती रांगड्याची. तो जानेवारी ते मार्च या काळात निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोपवाटिकेत बी पडते ते उन्हाळी कांद्याचे. त्याची पुनर्लागण डिसेंबर-जानेवारीत आणि काढणी एप्रिल-मेमध्ये होते. गोव्याची बाजारपेठ महाराष्ट्र व कर्नाटकातील आवकेवर अवलंबून असल्याने हा फरक येथील ग्राहकालाही भिडतो.

रांगडा फार काळ टिकत नाही. उन्हाळी कांदा मात्र हवेशीर चाळीत चार ते सहा महिने राहतो. पावसाळ्यात देशाची गरज तोच भागवतो. चाळीतील साठा संपत येतो आणि खरिपाचा कांदा अतिवृष्टीने लांबतो, तेव्हा भाव चढतात.

कांदा केव्हा पोसतो, हे दिवसाची लांबी व तापमान ठरवते. थंडीत पात वाढते. पुढे दिवस मोठा व उबदार होऊ लागला की गड्डा भरतो. बी फार लवकर टाकले, तर जाड झालेल्या रोपांना थंडी लागून डेंगळे येतात व कांदा पोकळ राहतो. म्हणूनच उन्हाळी हंगामात सुमारे 50 ते 55 दिवसांची, मध्यम जाडीची रोपे निवडावीत.

एका हेक्टरसाठी 8 ते 10 किलो बियाणे पुरते. रोपांत 15 बाय 10 सेंटिमीटर अंतर ठेवावे. वडोदरा जिल्ह्यातील डभोईसारख्या काळ्या, भारी जमिनीत पाणी साचते. तेथे गादीवाफे अधिक सोयीचे. राजगुरुनगरच्या संशोधन संचालनालयाचे 'भीमा शक्ती' आणि राहुरी विद्यापीठाचे 'एन-2-4-1' हे वाण उन्हाळी हंगामात घेतले जातात.

टिकाऊपणा शेवटच्या महिन्यांत ठरतो. लागणीनंतर 60 दिवसांपुढे नत्र दिल्यास माना जाड राहतात आणि साठवणीत सड वाढते. काढणीपूर्वी 10 ते 15 दिवस पाणी तोडावे. निम्म्या माना पडल्या की कांदा काढून पातीसह शेतात सुकवावा. मग अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी व कांदा सावलीत वाळवावा.

गोव्यात पुरुमेताच्या दिवसांत गावठी कांद्याच्या माळा घरोघरी टांगल्या जातात, त्यामागेही हेच तत्त्व आहे: सुकलेली मान आणि खेळती हवा.