ताज्या घामाला वास नसतो

ताज्या घामाला जवळपास वासच नसतो, हे बहुतेक पुरुषांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. मग ऑक्टोबरच्या उकाड्यात, भरलेल्या लोकलमध्ये हात वर करून उभं राहायचं म्हटलं की सकाळी शर्टावर सेंटचे आणखी चार फवारे जातात. तासाभरात घाम आणि सेंट मिसळून जे तयार होतं ते शेजारच्याला सोसावं लागतं.

आपल्या त्वचेत घामाच्या २० ते ४० लाख एक्रिन ग्रंथी असतात. त्यांच्यातून पाणी आणि मीठ पाझरतं, अंग गार राहतं. वासाचं मूळ आहे ते अपोक्राइन ग्रंथींत. काखेत आणि जांघेत असलेल्या या ग्रंथी वयात येताना काम करू लागतात. त्यांचा दाटसर स्रावही गंधहीनच असतो. पण कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकस होमिनिस असे त्वचेवरचे जिवाणू तो फोडतात आणि त्यातून गंधकयुक्त रेणू सुटतात. ते इतके उग्र की अगदी कणभरही नाकाला झोंबतात. कोरियातल्या बहुसंख्य लोकांत एबीसीसी११ या जनुकाचं वेगळं रूप असतं, त्यामुळे त्यांच्या काखेला वास येतच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याला ती सवलत नाही.

म्हणून लढाई घामाशी करण्यात अर्थ नाही. जिवाणूंचं खाणं आणि ओल, या दोन गोष्टी काढून घ्यायच्या. घाईच्या आंघोळीत पाठीवर दोन तांबे ओतले जातात. साबण लागायला हवा तो काखेत, जांघेत, पायांच्या बोटांच्या बेचक्यांत. त्यानंतर अंग नीट पुसणं तितकंच महत्त्वाचं, आणि ओलसर पंच्याने ते होत नाही. काखेतले केस बारीक ठेवले तर घाम अडकत नाही. तुरटीचा खडा ओल्या काखेत फिरवण्याची जुनी सवय अगदी योग्य आहे.

दुकानात डिओडरंट आणि अँटिपर्स्पिरंट शेजारी ठेवलेले असतात, काम मात्र वेगळं. पहिलं जिवाणूंना आवरतं आणि सुगंध देतं. दुसऱ्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या वाटा तात्पुरत्या बुजवतात. ते रात्री, कोरड्या काखेत लावावं. तेव्हा घाम कमी असतो, क्षार नीट बसतात.

कपड्यांकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. पॉलिस्टरमध्ये वास सुतीपेक्षा जास्त धरून राहतो, त्यामुळे धुतलेला टी-शर्टही अंगाच्या उबेने पुन्हा वास मारू लागतो. असा कपडा उलटा करून धुवावा, उन्हात वाळवावा. मोजे रोज बदलावेत, बुटांना एक दिवसाआड विश्रांती द्यावी. जीभ घासणंही यातच आलं. तोंडाचा वास बऱ्याचदा जिभेच्या मागच्या भागातून येतो.

एवढं झाल्यावर सुगंधाला खरी जागा मिळते. कनौजमध्ये आजही तांब्याच्या डेगमध्ये वाळा, गुलाब उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. आपल्या हवेला वाळ्याचं अत्तर मला सर्वांत शोभणारं वाटतं. स्वच्छ मनगटावर एक थेंब पुरतो.

अंगाचा वास अचानक बदलला किंवा जांघेत खाज सुटली, तर मनाने मलम लावू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि घरात सातवी-आठवीतला मुलगा असेल, तर या दिवाळीत उटणं लावताना बाबांनीच त्याला हे सारं समजावून सांगावं. वर्गातल्या मुलांनी त्याला चिडवण्याआधी.