उशाला पाणी आणि फळबाग

श्रोतेहो, शिरोळ म्हटले की डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या नद्या एकाच तालुक्याच्या उशाला. मग इथे घरोघरी फळबागा का नाहीत? आणि पाण्यासाठी तळमळणाऱ्या तासगावला द्राक्षांचे मांडव कसे पसरले?

आता बघा, फळझाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. रानात पाणी साचले की मुळांचा श्वास कोंडतो. ऊस काही दिवस तग धरतो. पपई मात्र लगेच मान टाकते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी हे नदीकाठाला पुन्हा पुन्हा दाखवले. ऊस गेला तर पुढच्या हंगामात लावता येतो. बाग गेली म्हणजे घराची कित्येक वर्षे गेली.

पूर निदान दिसतो तरी. क्षार गुपचूप येतात. काळ्या जमिनीला वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिले की खालचे पाणी वर चढते. ऊन ते उडवून नेते आणि क्षार मागे उरतात. सकाळी रानावर पांढरी साय दिसली की समजावे. आजोबांनी मोठ्या हौसेने पाणी आणले, नातवाला पड रान मिळाले, असे या तालुक्यात पुष्कळ घरांत झाले. उपाय आहे. जमिनीखाली भोके पाडलेल्या नळ्या घालून जादा पाणी ओढ्याकडे काढायचे. पण नळी शेजाऱ्याच्या रानातून जाणार, म्हणजे बांधावरचे भांडण आधी मिटले पाहिजे! शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने पुढाकार घेतला, शेतकरी एकत्र आले, तेव्हा पड राने पुन्हा पिकू लागली.

तासगावचे दुखणे उलटे. तिथे पाणी कमी, म्हणून माणसांनी वेल निरखली. त्या भागातील वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात महाराष्ट्रभर गेली. पुढे दुष्काळ आणि खारे पाणी सोसणाऱ्या डॉगरीज खुंटावर कलमे बांधू लागले. तरी सुख नाहीच. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, दावण्या, भुरी. सारे घर मांडवाखाली. माल तयार झाला की व्यापारी भाव पाडतो, कधी पैसे बुडवून पसारही होतो. म्हणून बेदाणा करून माल राखण्याची सोय त्यांनी धरली. वाटणीचा प्रश्न निराळाच. रान दोघा भावांत वाटता येते. विहीर आणि फवारणीची वेळ कशी वाटणार?

तेव्हा बाग लावण्याचा विचार असेल तर रोपांची चौकशी मागाहून करा. पाऊस उघडला की रानात तीन-चार फूट खड्डा घ्या. गुरुजी, शाळेची मुले बरोबर न्या, त्यांना मोठी मौज वाटेल. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी उभे दिसले, तर आधी निचरा, मग रोप. मातीचा नमुनाही त्याच खड्ड्यातून घ्या आणि तपासायला पाठवा.