जुना वस्तरा खिळखिळा झालाय?

मैत्रिणींनो, विळी डगमगायला लागली की आपण लगेच ती दुरुस्तीला काढतो. अडकित्ता सैल झाला तर सुपारी नीट कातरली जात नाही म्हणून कुरकुरतो. पण कपाटाच्या वरच्या कप्प्यात सासऱ्यांचा नाहीतर आजेसासऱ्यांचा लाकडी मुठीचा वस्तरा पडलेला असतो, त्याच्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. दिवाळीच्या साफसफाईत तो हाती लागतो, उघडून बघावा तर पातं लटलट हलतंय! "टाकून द्या हो," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. टाकायचा की ठेवायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण ठेवायचा असेल तर सैल ठेवू नका, एवढंच मला सांगायचं आहे.

वस्तरा मिटला की त्याची धार मुठीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध बसायला हवी. सांध्याचा खिळा सैल झाला की पातं एका बाजूला झुकतं, धार लाकडावर घासून खराब होते. त्याहून वाईट म्हणजे वस्तरा उचलताना पातं आपसूक बाहेर येतं. मग वापरणाऱ्याचं राहू द्या, कप्पा पुसणाऱ्या बाईचंच बोट आधी कापतं. घरात लहान मुलं असतील तर विचारायलाच नको.

वस्तरा आणि आपण

वस्तऱ्याला हात लावायला आपण बायका बिचकतो, त्यामागे जुनं दुःखही आहे. विधवेच्या केशवपनाची चाल कितीतरी घरांत होती. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. स्वतःच्या पोटावर पाय देऊन घेतलेला हा निर्णय आपण बायकांनी विसरू नये. दोष हत्याराचा नव्हता. तेव्हा मनातली धास्ती सोडा, सावधपणा मात्र ठेवा.

सैल का होतो?

मुठीच्या दोन लाकडी पट्ट्यांच्या मधून एक बारीक खिळा जातो, साधारण दीड मिलिमीटर जाडीचा, बहुधा पितळेचा. त्याच्या दोन्ही टोकांना छोट्या चकत्या असतात आणि त्यांवर टोकं ठोकून डोकी केलेली असतात. कारागीर याला 'रिबीट' म्हणतात. मुठीच्या दुसऱ्या टोकाला पाचर बसवून असाच आणखी एक खिळा असतो.

लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं. वर्षानुवर्षं हे चाललं की खिळ्याचं भोक मोठं होतं. मूठ पाण्यात भिजली, वस्तरा हातातून पडला, तरी हेच होतं.

घरी कसा घट्ट कराल?

१. आधी पात्याच्या धारेवर जाड पुठ्ठा दुमडून घाला आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा. ही पायरी कधीही गाळू नका. मुलं शाळेत गेल्यावरच कामाला बसा.

२. जुन्या टूथब्रशने सांधा झाडून घ्या. शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा, पातं चार-सहा वेळा हलवा आणि वर आलेला काळा मळ पुसून काढा. खोबरेल तेल नको, ते पुढे चिकट होतं.

३. कोणता खिळा हलतोय ते पाहा. पुष्कळदा दोष पाचरेच्या बाजूला असतो आणि आपण उगाच सांध्यावर ठोकत बसतो.

४. ऐरण म्हणून लोखंडी खलबत्त्यातला खल पालथा घाला, नाहीतर दोन किलोचं वजन घ्या. पोस्टकार्डाला भोक पाडून ते खिळ्याच्या डोक्याभोवती बसवा, म्हणजे घाव चुकला तरी लाकूड वाचेल.

५. वस्तरा अर्धवट उघडा ठेवा, धार आपल्यापासून दूर. सोनाराकडे असते तशी लहान हातोडी घ्या आणि डोक्याच्या कडेकडेने गोल फिरत हलकेच टकटक करा. चार-पाच ठोके झाले की उलटा करून दुसऱ्या बाजूने तेवढेच. मग पातं हलवून पाहा. घाई नको, जोरात घाव बसला तर लाकूड तडकलंच म्हणून समजा.

काम जमलं की नाही हे कसं कळेल? वस्तरा आडवा धरून पातं अर्धं उघडा. ते आहे तिथेच थांबलं, आणि बोटाने ढकलल्यावर सहज हललं, की हात आवरा. "आणखी थोडं घट्ट करू" हा मोह टाळा. सांध्यात डिंक किंवा फेव्हिकॉलही घालू नका. पातं अडकून बसेल आणि आत ओल राहील.

कारागिराकडे केव्हा न्यावा?

खिळा वाकलाय, चकती फाटलीय, मुठीला चीर गेलीय किंवा घट्ट करूनही पातं मधोमध बसत नाही, असं असेल तर स्वतः हात घालू नका. खिळ्याचं डोकं कानशीने घासून तो काढायचा आणि नवा घालायचा, हे सरावाच्या हाताचं काम. आमच्या क्रांती चौकाकडून पैठण गेटला जाताना सिल्लेखाना लागतो. शिलेखाना म्हणजे शस्त्रं ठेवण्याची जागा. त्या शस्त्रांना धार लावणारे, लकाकी देणारे ते शिकलगार. आता लोक नवी वस्तू घेणं पसंत करतात, त्यामुळे अशी कामं करणारे हात कमी होत चाललेत. धार लावणारा सायकलवरून गल्लीत आला तर त्याला थांबवून विचारा. सोनारही असा खिळा बसवून देऊ शकतो.

आणि शेवटी

दुरुस्त झालेल्या मुठीला जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, पण सांध्याला ते लावू नका. ते वाळून घट्ट होतं. तेलाचा बोळा चुरगळून टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा आणि मग फेका. वस्तरा कोरडा करून, कापडात गुंडाळून, कुलपात ठेवा. आणि घरातल्या कुणी तो वापरायला काढलाच तर एकानेच वापरावा. कावीळ 'बी' आणि एच.आय.व्ही. रक्तातून पसरतात. म्हणून तर केशकर्तनालयात आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावतात.

हीच टकटक अडकित्त्यालाही चालते, फक्त त्याचा खिळा जाड असल्याने घाव जरा जोराचा लागतो. कात्रीला मात्र आधी स्क्रू आहे का ते बघा; असला तर हातोडी बाजूला ठेवा आणि पेचकस घ्या. एकदा हाताला सवय झाली की घरातल्या अशा किती वस्तू अजून कामाच्या आहेत, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.