घरगुती पाणी तापविण्याची साधने : आयुर्मान आणि निगा
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
थंड हवामानाच्या युरोपीय देशांत घर उबदार ठेवण्यासाठी बॉयलर ही अनेक कुटुंबांची गरज असते. सातारा व सांगली जिल्ह्यांत घर तापवावे लागत नाही, तापवावे लागते ते स्नानाचे पाणी. त्यासाठी पूर्वी तांब्याचा बंब होता. आज त्याची जागा विजेच्या गिझरने, गॅस गिझरने व छतावरील सौरसंयंत्राने घेतली आहे. एकच बंब दोन पिढ्या वापरणाऱ्या कुटुंबात गिझर मात्र काही वर्षांतच बदलावा लागतो, असा अनुभव सार्वत्रिक आहे. या फरकाची कारणे शोधणे व त्या अनुषंगाने निगेची दिशा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बंबाची रचना व निगेची परंपरा :
बंबाच्या तळाशी जाळ, मधोमध धुराची नळी आणि तिच्याभोवती पाणी अशी साधी रचना असते. भांडे वरून उघडे असल्याने आत दाब साठत नाही. बंबाचा खरा शत्रू एकच, तो म्हणजे पाणी संपूनही पेटत राहिलेला जाळ. त्यामुळे सांधे सुटतात व गळती लागते. अशी गळती तांबट डाग देऊन बंद करीत असे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानापूर्वी चिंच व राख लावून बंब घासण्याचा प्रघात होता. या निमित्ताने वर्षातून एकदा त्याची तपासणीच होत असे. अखेर तो मोडीत घातला तरी तांब्याचे मोल हाती येई. अर्थात सरपणाचा खर्च आणि धुराचा त्रास ही बंबाची बाजूही नाकारता येत नाही. हा त्रास प्रामुख्याने घरातील स्त्रियांच्या वाट्याला येत असे.

पाण्याचा गुणधर्म व क्षारांचा थर :
पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने विघटित होऊन त्याचे अविद्राव्य कार्बोनेट बनते आणि ते तापणाऱ्या पृष्ठभागावर चिकटते. हाच पांढरा थर होय. तो तांब्याच्या तुलनेत शंभर पटींहून अधिक मंद उष्णतावाहक आहे. परिणामी गिझरमधील तापक घटकाची उष्णता पाण्यात जाण्याऐवजी घटकातच कोंडते, वीज अधिक जळते व शेवटी घटक निकामी होतो.
या दृष्टीने दोन्ही जिल्ह्यांत मोठी विषमता आढळते. महाबळेश्वर परिसरात अतिवृष्टी होते व झऱ्यांचे पाणी मृदू असते. याउलट माण, खटाव, आटपाडी, जत व कवठेमहांकाळ हे तालुके पर्जन्यछायेत येतात. तेथे कूपनलिकेचे पाणी बेसाल्ट खडकातील क्षार घेऊन येते व बहुधा जड असते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. पर्यायी स्रोत नसल्यास ही मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे. म्हणजेच पिण्यास ग्राह्य ठरणारे पाणीही गिझरला घातक ठरू शकते. सारांश, एकाच बनावटीच्या दोन गिझरांचे आयुष्य महाबळेश्वरात व जतमध्ये सारखे असणार नाही.

गिझर व सौरसंयंत्र यांची निगा :
गिझरची पोलादी टाकी गंजू नये म्हणून तीत मॅग्नेशियमची एक सळई बसविलेली असते. ती स्वतः झिजते व टाकीला वाचवते. जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी हे तत्त्व हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये मांडले होते. सळई पूर्ण झिजल्यानंतर गंज थेट टाकीकडे वळतो. म्हणून जड पाण्याच्या भागात दरवर्षी आणि अन्यत्र दोन वर्षांतून एकदा टाकी रिकामी करून थर काढावा आणि सळई तपासावी. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे, कारण अधिक तापमानात थर वेगाने साठतो. दाबमुक्तीची झडप चालू आहे याची खात्री करावी, कारण गिझर हे बंबासारखे उघडे भांडे नव्हे.
सौरसंयंत्र चांगल्या देखभालीत १५ ते २० वर्षे टिकते. मात्र सपाट संग्राहकाच्या अरुंद तांब्याच्या नळ्या जड पाण्याने लवकर चोंदतात. अशा ठिकाणी उष्णता-विनिमयकाची सोय असलेले किंवा काचनलिकांचे संयंत्र अधिक योग्य ठरते.
गॅस गिझरच्या बाबतीत प्रश्न केवळ आयुष्याचा नाही, जिवाचाही आहे. बंद न्हाणीघरात अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. म्हणून हे साधन न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावे.

कारखाना व घर :
याच परिसरातील साखर कारखान्यांत बॉयलरला मृदू केलेले पाणी दिले जाते, त्यावर प्रशिक्षित अटेंडंट असतो आणि गळीत हंगाम संपताच दुरुस्ती हाती घेतली जाते. १९२३ च्या बॉयलर कायद्याने व त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्याने तपासणी बंधनकारक केली आहे. मात्र २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची तसेच पाणी १०० अंश सेल्सिअसखाली तापविणारी साधने या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. साहजिकच घरातील तपासणीची जबाबदारी कुटुंबावरच येते.

निष्कर्ष :
बंब दीर्घकाळ टिकला तो केवळ तांब्यामुळे नव्हे. त्याचा दोष डोळ्यांना दिसत असे, तो दुरुस्त होत असे आणि निगेचा दिवस ठरलेला असे. गिझर भिंतीवर गेला व बंदिस्त झाला, तेव्हा ही तिन्ही वैशिष्ट्ये लोपली. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत गिझरच्या तपासणीचा समावेश केल्यास जुनी परंपरा नव्या साधनाला लागू होईल. पाण्याचा जडपणा मोजण्याचे ई.डी.टी.ए. अनुमापन महाविद्यालयीन रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत असतेच. विद्यार्थ्यांनी त्यासाठी आपल्या घरचे पाणी आणल्यास प्रयोगशाळेतील हा आकडा गावोगावच्या कुटुंबांना थेट उपयोगी पडेल.