खजाना विहीर : भूमीच्या पोटातील जलमार्ग

खाण, भुयार, तळघर हे शब्द कानी पडताच विद्यार्थ्यांची मने उत्सुक होतात. यंदा नववीच्या वर्गाने सहलीसाठी एखादी जुनी खाण पाहण्याची इच्छा प्रकट केली. परंतु आपल्या बीड जिल्ह्याची भूमी लाव्हारसाच्या काळ्या दगडाची; तिच्यात कोळशाच्या खाणी नाहीत. त्या पाहावयाच्या तर नागपूर-चंद्रपुराकडे जावे लागते. तथापि खाणकामाचीच विद्या जेथे उपयोगात आणली आहे, असे एक भूमिगत काम बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे ६ किलोमीटरांवर, सोलापूरच्या रस्त्यालगत आहे. ते म्हणजे खजाना विहीर. आम्ही तेथेच गेलो.

अहमदनगरचा मुर्तझा निझामशहा (१५६५–१५८८) राज्य करीत असता बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ही विहीर बांधविली. राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराने तिची योजना आखली, असे सांगतात. सरकारी खजिना हिच्यापायी खर्ची पडला म्हणून हिला हे नाव मिळाले, अशी आख्यायिका आहे. विहीर गोलाकार असून फारशी खोल नाही. प्रथमदर्शनी मुलांची थोडी निराशाच झाली. पण या विहिरीचे खरे वैभव डोळ्यांना दिसणारे नव्हेच. तिला तीन भुयारे आहेत. दोहोंतून पाणी आत येते व तिसऱ्यातून शेतमळ्यांकडे बाहेर जाते. मोट नाही, रहाट नाही, यंत्र नाही. पाणी आपल्याच भाराने वाहते.

हे घडते कसे? आपल्याकडे वरच्या थरात मुरूम व फुटलेला दगड असतो; पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खालच्या अभंग कातळावर साचून राहते. उंच बाजूस या साचलेल्या पाण्यापर्यंत भुयार नेले व त्याचा तळ सखल बाजूकडे किंचित उतरता ठेवला, तर पाणी झिरपून भुयारात येते व वाहू लागते. वरची जमीन भुयारापेक्षा अधिक वेगाने उतरत असते; म्हणून पुढे कोठेतरी भुयार जमिनीच्या पृष्ठभागाला येऊन मिळते व पाणी उजेडात येते. सारे कौशल्य त्या उतारात आहे. उतार अधिक झाला तर वेगाने तळ खरवडतो. कमी झाला तर गाळ बसून वाट बुजते.

आता खाणीशी असलेले नाते पाहा. अशा कामात ठराविक अंतरावर उभे कूप खणीत. त्यांतून माती व दगड टोपल्यांनी वर काढीत, आतील मजुरांना हवा मिळे, आणि पुढे गाळ उपसण्यासही तीच वाट उपयोगी पडे. पुण्याच्या कात्रज येथील पेशवेकालीन नळावरील अशा बांधकामांस उच्छ्वास म्हणतात. नाव किती समर्पक आहे! कूपाच्या तळापासून समोरासमोर खणीत जाऊन दोन टोळ्यांनी अंधारात अचूक एकमेकींस भेटावयाचे, हे खाणकऱ्याचेच काम. इराणात या पद्धतीस कनात म्हणतात. खाणीतील पाणी बाहेर काढण्याच्या चरांवरूनच ही कल्पना सुचली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इराणातील अकरा कनातांची २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. दख्खनेत मलिक अंबराने खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, याच विद्येच्या आधारे पाणी आणले.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस येथे हिज्कीया राजाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. अश्शूरी सैन्याच्या भयाने त्याने यरुशलेमात भुयारातून पाणी आणविले. सुमारे ५३३ मीटर लांबीचे ते भुयार शिलोह तळ्यापर्यंत जाते. १८८० साली त्यात एक लेख सापडला. दोन्ही टोकांकडून खणणारे लोक एकमेकांचा आवाज ऐकून कसे भेटले, हे त्यात कोरलेले आहे. राजाचे नाव मात्र त्यात नाही. वर्णन आहे ते कुदळ चालविणाऱ्यांचे.

काही मुलांस भुयारात शिरावेसे वाटले. मी परवानगी दिली नाही. जुन्या भुयारात दूषित वायू साचलेला असतो, गाळात पाय रुततो, आणि सुटलेला दगड सूचना देऊन पडत नाही. खाण पाहणाऱ्याचा हा पहिला धडा होय.

परतण्यापूर्वी एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, चारशे वर्षांपूर्वी पाणी आपोआप येत होते, तर आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर का येतो?” त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. त्याचा प्रश्न पुस्तकी नव्हता.

मी त्यास सांगितले ते असे. भुयार आपल्या तळाच्या वर येईल तेवढेच पाणी घेते. पातळी खाली गेली की ते आपोआप थांबते. त्यास हाव ठाऊक नाही. कूपनलिका मात्र पाण्याचा पाठलाग करीत खोल खोल जाते. एकाने दोनशे फूट खणले की शेजारी तीनशे खणतो, आणि पावसाने भरले नाही ते दोघे मिळून उपसतात. सभोवार असे घडत राहिले तर खजाना विहिरीसारखे कामही कोरडे पडावयास वेळ लागणार नाही. कारण तिचा खजिना तिच्या पोटात नसून भोवतालच्या भूमीत आहे. म्हणून पाऊस अडविणे, तो मुरविणे आणि उपसा सर्वांनी मिळून मर्यादेत ठेवणे, हेच आजचे खाणकाम होय.

मुलगा काही बोलला नाही. परंतु परतीच्या वाटेवर तो खिडकीतून रस्त्याकडेच्या कोरड्या विहिरी मोजीत होता. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही आपापल्या गावी तशा मोजा. ज्यांनी अंधारात खणून उजेडात पाणी आणले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचे ऋण फेडावयाचे असेल तर आपल्या मागून येणाऱ्यांसाठी भूमीच्या पोटात काही शिल्लक ठेवणे, एवढाच मार्ग आहे.