परतीच्या मर्यादेपलीकडे

आकाशात विमान पेटते, यंत्रे बंद पडतात आणि प्रवाशांचा धीर सुटतो, एवढ्याच सामग्रीवर उभे राहिलेले चित्रपट पुढील काळात पुष्कळ निघाले. परंतु विल्यम वेलमन यांनी १९५४ साली दिग्दर्शित केलेल्या ‘द हाय अँड द मायटी’ या अमेरिकन चित्रपटात भयाचे अधिष्ठान इंधनाच्या हिशेबात आहे, आणि त्या हिशेबाचा अखेरचा निवाडा माणसाच्या विवेकबुद्धीवर सोपविलेला आहे, हे त्याचे थोर वैशिष्ट्य होय. ते नीट उमगावयाचे तर त्या काळचा विमानप्रवास कसा असे, हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे.

कथेतील विमान डग्लस कंपनीचे डीसी-४, म्हणजे चार पिस्टन इंजिनांवर चालणारे, पंख्यांचे विमान आहे. आत हवेचा दाब राखण्याची तजवीज नसल्यामुळे ते फार उंच नेता येत नसे, आणि ज्या ढगांच्या व वादळांच्या माथ्यावरून आजची जेट विमाने निर्वेध निघून जातात, त्यांच्यातूनच त्याला आपली वाट काढावी लागे. लांबच्या मार्गांवर वाटेत थांबे घ्यावे लागत: एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा त्याला कैरो आणि जिनिव्हा येथे उतरण्याची सोय होती. कथेतील विमानाच्या होनोलुलू ते सॅन फ्रान्सिस्को या सुमारे ३,८५० किलोमीटरांच्या सागरी मार्गावर मात्र पाय टेकण्यापुरतीही भूमी नाही. सुमारे बारा तासांच्या त्या उड्डाणात दिशाशोधक अधिकारी ताऱ्यांचे वेध घेऊन नकाशावर स्थान निश्चित करी, आणि महासागरात नेमून दिलेल्या ठिकाणी तैनात असलेली जहाजे बिनतारी संदेशांनी त्याला साह्य करीत.

अशा मार्गावर एक स्थान असे येते की, तेथवर संकट ओढवल्यास शिल्लक इंधनावर माघारी फिरता येते. ते ओलांडल्यावर मात्र पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसते. वाऱ्याचा वेग बदलला की हे स्थानही मागेपुढे सरकते, म्हणून त्याचा हिशेब वाटेत पुनःपुन्हा तपासून पाहावा लागे. चित्रपटातील बावीस जणांवर संकट कोसळते ते ही मर्यादा मागे पडल्यानंतरच. एका इंजिनाला लागलेली आग विझते खरी, पण इंजिन निकामी होते, पंखातील टाकीतून इंधन गळू लागते, आणि भार हलका करण्यासाठी प्रवाशांचे सामान समुद्रात फेकावे लागते. कप्तान सलिव्हन (रॉबर्ट स्टॅक) याचे मन कच खाते आणि तो अंधारात, खवळलेल्या समुद्रावर विमान उतरविण्याचे ठरवितो. तेव्हा त्याला आवरतो तो हुद्द्याने दुय्यम पण वयाने व अनुभवाने वडीलधारा असलेला वैमानिक डॅन रोमन. आपण चालवीत असलेल्या विमानाच्या अपघातात पत्नी आणि मुलगा गमावून स्वतः लंगडा झालेला हा पुरुष जॉन वेन यांनी विलक्षण संयमाने उभा केला आहे. मूळ कादंबरी आणि पटकथा या दोन्हींचे कर्ते अर्नेस्ट गॅन हे स्वतः वैमानिक होते, आणि म्हणूनच कॉकपिटमधील मसलतीला अनुभवाचे वजन आले आहे. संगीतकार दिमित्री टिओम्किन यांना या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले.

ही केवळ कल्पनेची भरारी नव्हती, हे दोनच वर्षांनी दिसून आले. ऑक्टोबर १९५६ मध्ये होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या पॅन अमेरिकनच्या स्ट्रॅटोक्रूझर विमानाची दोन इंजिने रात्री बिघडली, आणि शिल्लक इंधनात कोणताही किनारा गाठणे शक्य राहिले नाही. कप्तान रिचर्ड ऑग यांनी अमेरिकन तटरक्षक दलाच्या ‘पॉन्चरट्रेन’ या तैनात जहाजाभोवती उजाडेपर्यंत घिरट्या घातल्या, शेपटीकडचा भाग आदळताच तुटण्याचा संभव ओळखून तेथील प्रवाशांना पुढे हलविले, आणि दिवसाच्या प्रकाशात विमान पाण्यावर उतरविले. शेपटी खरोखरच तुटली. परंतु विमानातील एकतीसही जण वाचले. चित्रपटातील रोमन अंधारात समुद्रावर उतरण्यास विरोध करतो आणि ऑग उजाडण्याची प्रतीक्षा करतात. दोघांची वाट भिन्न असली, तरी उतावळेपणा टाळून हाती असलेल्या इंधनाचा शेवटपर्यंत विनियोग करण्याचे शहाणपण दोघांचे एकच आहे.

१९५८ पासून जेट विमानांनी महासागर लहान केले, आणि १९७० च्या ‘एअरपोर्ट’नंतर विमानसंकटाच्या चित्रपटांत भव्यतेचा सोस वाढत गेला. जेट इंजिनांची विश्वसनीयता आणि उपग्रहांचे साह्य यांमुळे आजचा प्रवासी निश्चिंत असतो, ही मोठीच इष्टापत्ती आहे. पण या निश्चिंततेचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्यात अपुऱ्या साधनांनिशी रात्ररात्र हिशेब करीत समुद्र ओलांडणारी ती माणसेही होती, याची जाण आपण राखली पाहिजे. ‘द हाय अँड द मायटी’ ती जाण देतो. आणि संकटसमयी हुद्द्यापेक्षा अनुभवाचा शब्द मोठा मानावा, हे त्याचे सांगणे विमान चालविणाऱ्यांइतकेच राज्य, संस्था आणि संसार चालविणाऱ्यांनीही मनावर घेण्याजोगे आहे.